भिंतीकडचं पान

(शारजा, १९९८. भाद्रपदातल्या शुक्रवारची दुपार. रोलाजवळच्या इमारतीत साधनाबाई मुलाकडे राहतात. वरच्या मजल्यावरचे मुरलीधरराव तंजावरहून आलेले झेरॉक्स कागद घेऊन खाली आले आहेत.)

साधना : आधी तो पडदा सारा. मोडी वाचायला उजेड लागतो मुरलीधरराव, नुसती घाई पुरत नाही.

मुरलीधर : सारतो. पण आमच्या घराण्याचे नाव दिसले कां?

साधना : दिसलं. व्यंकोपंत. राजवाड्याच्या मुदपाकखान्यावरचे कारकून.

मुरलीधर : कारकून? सरदार नव्हे?

साधना : कारकून. ते राजाच्या स्वयंपाकाचे हिशेब बघत, तुम्ही दुबईत, देऱ्यात ट्रेडिंग कंपनीचे बघता. पिढीजात चाललंय.

मुरलीधर : चेष्टा नको हो. या वयात माझी अक्का उन्हातून लायब्ररीत जाऊन हे कागद काढवली. दीडशे वर्षांपूर्वीचे. तंजावरात आता मोडी वाचणारा मिळत नाही, आणि निनाद पुढच्या आठवड्यात टोरांटोला जातो.

साधना : त्याचा आणि मोडीचा काय संबंध?

मुरलीधर : तो स्पष्ट बोलला, अप्पा, ते जास्तीचे पान कोणाचे ते सांगा, मी तिथेही वाढीन. 'पहिल्यापासून आहे' एवढेच असेल तर खलास. माझ्या घरात नाही.

साधना : कुठलं पान? नीट सांगा, म्हणजे काय शोधायचं ते कळेल.

मुरलीधर : सर्वपित्रीस पितरांची पाने वाढून झाली की आमच्यात एक पान वेगळे. स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीकडे तोंड करून. त्यात मीठ नाही. भात, वरण, भाजी, सगळे अळणी, वेगळे शिजवून. त्यावर कोणी बसत नाही. तंजावरात गाईस देत होतो, इथे खोरावरच्या, खाडीवरच्या सीगलना.

साधना : खातात अळणी?

मुरलीधर : ते काहीही खातांत.

साधना : घरात कोणाचं म्हणतात ते पान?

मुरलीधर : वडील बोलत, लढाईत पडलेल्या पूर्वजाचे. त्याने शपथ घेतली होती, गड घेतल्याशिवाय मीठ खाणार नाही. अक्का बोलते, सती गेली तिचे.

साधना : थांबा, थांबा. हे काय... 'व्यंकोपंत यांचे घरी पाने सात. पैकी एक अळणी.'

मुरलीधर : अळणी! बोललो की नाही!

साधना : पुढे ऐका. 'धाकटी सून नर्मदाबाई. अंगास सूज. वैद्यांचे सांगण्यावरून.'

मुरलीधर : सूज?

साधना : पथ्य हो. वाड्यावरून यांच्या घरी शिजलेलं अन्न जायचं, त्यात तिचं वेगळं. माझ्या नणंदेचं असंच होतं. पथ्याचं माणूस पंगतीत बसवलं की शेजारच्याच्या लोणच्याकडे बघत राहतं. आम्ही तिला भिंतीकडे तोंड करूनच बसवायचो.

मुरलीधर : म्हणजे गड नाही.

साधना : सूज आहे.

मुरलीधर : दुसरा कागद बघा ना. त्यात असेल.

साधना : हा पुढच्या सालचा. 'सदरहू नर्मदाबाई मयत. अळणी पान बंद करावे काय, आज्ञा व्हावी.'

मुरलीधर : मेली? आणि पान चालूच? साधनाबाई, आमच्या ऑफिसातला शेट्टी नोकरी सोडून मंगलोरला गेला, त्याच्या टेबलावर अजून रोज चहा ठेवून जातांत. बंद करा असे कोणी बोललेच नाही. आमचा कुळाचार तसा निघाला!

साधना : हसताय का रडताय?

मुरलीधर : दोन्ही. ऐका, निनाद आता येईल. त्यास तुम्ही गडाचे सांगा.

साधना : काय?

मुरलीधर : एक वाक्य. लढाईत पडला, मीठ सोडले होते. मोडी त्यास कुठे येते?

साधना : म्हणजे मी खोटं वाचू?

मुरलीधर : हे खरे ऐकून तो हसेल. मी एकटा मुलगा, तो एकटा मुलगा. माझ्यामागे कोण वाढणार ते पान? माझी आई ताप असताना उठून वाढत होती, साधनाबाई.

साधना : वाईच्या शाळेत मोडी शिकले मी. आमचे मास्तर म्हणायचे, अक्षर लागत नसेल तर 'लागत नाही' म्हण, पदरचं घालू नकोस.

मुरलीधर : मास्तर आता कुठे ऐकायला येणार?

साधना : म्हणूनच. असते तर त्यांनी तरी मला पकडलं असतं. बेल वाजली बघा. उघडा.

निनाद : हाय आजी. सॉरी, पार्किंगच मिळेना. सो? कोणाचं आहे पान?

मुरलीधर : साधनाबाई सांगतांत. विचार करून सांगतांत.

साधना : तुमच्या घरातली एक सून होती. नर्मदाबाई. अंगावर सूज होती, मीठ बंद केलं होतं. वर्षभरात गेली.

निनाद : दॅट्स इट? डाएट फूड?

मुरलीधर : बघा! बोललो होतो तुम्हांस.

निनाद : पण मग ती गेल्यावर पण का वाढत राहिले?

साधना : कचेरीने तेच विचारलं, बंद करू का म्हणून. समासात उत्तर आहे, वेगळ्या हाताचं. ते वाचणारच होते, तर तुझ्या वडिलांनी मला मधेच गडावर चढवलं.

निनाद : कुठला गड?

मुरलीधर : काही नाही. तुम्ही वाचा.

साधना : 'असों द्यावे.'

निनाद : मीन्स?

मुरलीधर : राहू दे. असू दे.

निनाद : कोणी लिहिलं? हर हजबंड?

साधना : सही नाही. नवरा असेल, सासरा असेल. लागत नाही.

निनाद : पण कोणीतरी बोललं. मला वाटायचं, असंच चालू आहे, कोणी विचारलंच नसेल. विचारलं होतं, आणि कोणीतरी राहू दे म्हणालं.

मुरलीधर : तुला नको असेल तर मी जबरदस्ती...

निनाद : अप्पा, मीठ नाही, आणि भिंतीकडे. एवढंच ना? परवा सर्वपित्रीला मी वाढतो. तुम्ही फक्त दाखवा.

(२००३. पुन्हा सर्वपित्री. फोनवर.)

साधना : मोठ्याने बोल रे, हे अजमानचं घर रस्त्यावर आहे. शारजाचं भाडं परवडेना, म्हणून इकडे आलो.

निनाद : डोळे कसे आहेत आजी?

साधना : मोतीबिंदू काढला. टीव्ही दिसतो, मोडी नाही. आणि ऐक, डॉक्टरने माझंही मीठ बंद केलंय. भिंतीकडे तोंड करून मात्र बसत नाही मी. अक्का कशी आहे?

निनाद : अत्या? शी इज ग्रेट. अप्पा गेल्यावर अम्मा माझ्याकडे आली, अत्या म्हणाली मी तंजावर सोडणार नाही. अजून लायब्ररीत जाते. आता म्हणते, सतीचं पण शोधते.

साधना : तुझ्या अप्पांचं पान वाढलंस आज?

निनाद : पहिल्यांदाच. दोन वर्षं झाली ना आता, पहिल्या वर्षी वाढत नाहीत. शुभ्राने, माझ्या बायकोने, पान मांडलं, मी वाढलं.

साधना : आणि नर्मदाबाईचं?

निनाद : ते पण. भिंतीकडे. पण आजी, रागावू नका, या वर्षी मी मीठ घातलं.

साधना : घातलंस?

निनाद : थोडंसं. आणि लोणचं. म्हटलं, एवढ्या वर्षांत बरी झाली असेल ती.