बिडाच्या पाइपातला गणपती

...नाही, माती विरघळते, हे मला मान्य आहे! मी नाही म्हणतोय का? बादलीत विरघळते, नदीत विरघळते, शास्त्रात तर विरघळतेच विरघळते, पण बॉनमधल्या शंभर वर्षांच्या घराच्या बिडाच्या पाइपात ती विरघळत नाही हो... ती बसते! मांडी घालून बसते! आणि हे मी सांगणार कोणाला? सासऱ्यांना? ज्यांची अख्खी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली त्यांना? "सिद्धेशराव, माती विरघळते हो!" संपला विषय.

तुम्हाला सांगतो, ते घर बघाल तर प्रेमात पडाल. उंच छत, छताला प्लास्टरची फुलं, लाकडी जिना, खिडकीत चेस्टनटचं झाड... 'आल्टबाऊ' म्हणतात अशा जुन्या घराला, आणि तो शब्द उच्चारताना जर्मन माणूस डोळे मिटतो, आपण 'हापूस' म्हणताना मिटतो तसे. फक्त एवढंच, की त्या फुलांच्या मागचे पाइप कैसरच्या काळातले आहेत. खाली कोणी फ्लश ओढला, की वर शॉवरखालचा माणूस भाजून निघतो. हीटर पोट बिघडल्यासारखा गुडगुडतो. नळाच्या तोंडाला चुन्याची पांढरी दाढी. आणि बेसिनमधलं पाणी? तुम्ही तोंड धुवा, पुसा, जाऊन चहा पिऊन या, ते तिथेच तुमची वाट बघत उभं!

पण आम्ही तक्रार केली का? अवाक्षर नाही! कारण साल दोन हजार सहा, मी पीएच.डी. करणारा, वैभवीला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना, आणि घर बघायला गेलं की पहिला प्रश्न, फोडणीच्या वासाच्या धास्तीनं, पण अगदी गोड आवाजात, "तुम्ही स्वयंपाक करता का? ...रोज? ...गरम?" आता काय सांगायचं, सोमवारी जेवतो आणि मग थेट गुरुवारी म्हणून? शेवटी एकच बाई हो म्हणाली. फ्राऊ लेन्झ. सत्तरीची, काठीसारखी ताठ, खालच्याच मजल्यावर राहणारी घरमालकीण. करार सप्टेंबरअखेरपर्यंत. "पुढचं तेव्हा बघू, हेर डे." 'हेर' म्हणजे श्रीयुत; आमचं आडनाव देवस्थळी, पण 'डे'च्या पुढे जाण्याचा नाद तिनं पहिल्याच दिवशी सोडला. आणि बाळ येणार ऑक्टोबरात! म्हणजे सप्टेंबरात ह्या बाईनं मान आडवी हलवली, तर आमचं बाळ हॉस्पिटलातून न्यायचं कुठे? माझ्या प्रयोगशाळेत? मायक्रोस्कोपशेजारी?

अशात ऑगस्टमध्ये सासरे आले. वासुदेवराव. सासूबाई बाळंतपणाला मागाहून येणार, हे आधी आले ते 'व्यवस्था बघायला'. आणि येताना पुण्याहून मांडीवर, पंच्यात गुंडाळून, काय आणलं असेल? बरोबर! वीतभर उंचीची गणपतीची मूर्ती. शाडूची! आता शाडूचीच का, तर फोनवर मीच भाषण ठोकलं होतं. बाबा, प्लास्टरची नको, निसर्गातून आलं ते निसर्गात जायला हवं, आपण शिकलेल्यांनी नाही करायचं तर कोणी करायचं... बोललो ना मी! तळमळीनं बोललो! ती तळमळ पुढे पाइपात उतरणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

दीड दिवस झकास गेले. मोदक झाले, आरती झाली, वरच्या फुलांनाही आवडली असावी. विसर्जन आलं. ऱ्हाइन नदी दहा मिनिटांवर, पण मी म्हटलं, बाबा, नदीत नको, इथे परवानगी लागेल. "परवानगी? देवाला?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच जर्मन सरकार. मग बादलीत. छान झालं, डोळ्यांत पाणीबिणी आलं. सकाळी बादलीत राखाडी लापशी. मी म्हटलं, ही राहू दे, मी लॅबमधून आलो की नेऊन कुठल्यातरी झाडाखाली घालतो. पण पाणीपुरवठा खात्यातला माणूस! काम उद्यावर टाकलं तर झोप येते का त्याला? मी ट्राममध्ये बसलो असेन-नसेन, यांनी बादली टबात रिकामी केली. वर गरम पाणी सोडलं. संध्याकाळी मी कपाळाला हात लावला तर शांतपणे म्हणतात, "माती विरघळते हो!"

शनिवार उजाडला. शनिवार म्हणजे फ्राऊ लेन्झच्या टबस्नानाचा दिवस. बेल वाजली. दारात बाई, गाऊनमध्ये, केसांना टॉवेल, आवाज मात्र बँकेतल्यासारखा. "हेर डे. माझ्या टबात खालून काहीतरी राखाडी वर येतंय." मी म्हटलं, आलो, दोनच मिनिटं. दार लावलं आणि स्वयंपाकघरात आमची तातडीची बैठक बसली.

सासरे म्हणाले, "केस अडकले म्हणून सांगा. जगात कुठेही चालतं."

मी म्हटलं, बाबा, खोटं? ह्या बाईनं आपल्याला घर दिलं! आपण खोटं बोललो, तर उद्या दुसऱ्या मराठी माणसाला ती घर देणार नाही!

वैभवी पोटावर हात ठेवून खुर्चीत टेकली. "आणि खरं बोललास, तर आजच्या मराठी माणसालाही देणार नाही. ऑक्टोबरपर्यंत केस, सिद्धेश. मग काय सत्य बोलायचंय ते बोल."

मी तावातावानं रबरी पंप उचलला, तर सासऱ्यांनी मनगट धरलं. "अहो! देवावर पंप मारणार?"

झालं! आता सांगा, काय उत्तर आहे याला? खाली बाई ओल्या केसांनी उभी, वर देव अडकलेला, मध्ये मी, हातात पंप! शेवटी वैभवीच म्हणाली, "बाबा, उत्तरपूजा झाली ना? मूर्ती हलवली ना तुम्ही? मग देव तेव्हाच गेले. पाइपात आहे ती नुसती माती."

सासऱ्यांनी माझं मनगट सोडलं. "हं. शास्त्राला धरून आहे. मारा."

मी म्हटलं, बाबा, तुम्हीच मारा ना, तुमचा आयुष्याचा अनुभव. तर दोन पावलं मागे! "माझं खातं पाणीपुरवठा. पाणी आणून सोडायचं. ते जातं कुठे, हे ड्रेनेजवाले बघतात. वेगळं खातं, वेगळी इमारत!"

मारला पंप. एकदा, दोनदा, अंगातला सगळा आदर्शवाद एकवटून मारला... आणि खालून किंकाळी! कारण लाइन एकच ना हो! इकडे मी दाबतोय, तिकडे फ्राऊ लेन्झच्या टबात कारंजं!

खाली धावलो, मागून सासरे आणि वैभवी. तिच्या गाऊनवर राखाडी ठिपके, चष्म्यावर एक. ती म्हणाली, "केस?" बघा, स्वतःच विचारलं! नुसतं 'या', म्हणजे त्यांचं 'हो', म्हणायचं होतं, एक अक्षर! पण नाही जमलं. म्हटलं, फ्राऊ लेन्झ, केस नाहीत. देव आहे. म्हणजे होता. मातीचा. आम्ही पाण्यात सोडतो, आणि तो... विरघळतो.

"कोणता देव?"

"हत्तीचं डोकं असलेला."

तिनं चष्मा पुसला. "आल्झो, म्हणजे तर, माझ्या पाइपात हत्ती आहे." आणि कपाटातून पाना काढून सरळ तळघरात निघाली. आम्ही तिघं मागे, वैभवी कठडा धरून. खाली भिंतीशी त्या बिडाच्या पाइपाला एक झाकण होतं, ते बाईनं स्वतः उघडलं, खाली बादली धरली मी, आणि आली की हो माती! मऊ, थंड, गोळेच्या गोळे, आणि तिच्यामागून शंभर वर्षांचा कॉफीचा गाळ! सासऱ्यांनी आपसूक हात जोडले, "मोरया!" म्हणाले. मी मात्र बाईचा चेहरा बघत होतो. सप्टेंबर, ऑक्टोबर, बाळ, मायक्रोस्कोप...

बाई हात पुसत म्हणाली, "तुमच्या आधीचा भाडेकरू. अकरा वर्षं. दर वेळी एकच, 'केस, फ्राऊ लेन्झ, केस.' " मग तळघरातल्या दिव्याकडे बोट दाखवलं. "त्याचं डोकं ह्या बल्बसारखं होतं." वैभवीच्या पोटाकडे पाहिलं. "बाळाला टब लागेल. राहा तुम्ही. ज्याला खरं सांगता येतं, असा माणूस मला वर हवाय."

तुम्हाला सांगतो, मी बादली खाली ठेवली आणि छाती पुढे काढली. हेच! हेच तर मी म्हणत होतो! आणि तेवढ्यात सासरे वाकले, झाकणातून आत डोकावले, पाइपावर बोटं वाजवली, आणि समाधानानं म्हणाले, "चार इंची लाइन आहे, आता अगदी मोकळी झाली. पुढच्या वर्षी फूटभर उंचीची आणतो. काही होत नाही, माती विरघळते हो!"

फ्राऊ लेन्झनं हसून मला विचारलं, "काय म्हणतायत?"

काय करणार हो... म्हटलं, "तुमचे आभार मानतायत."