काळ्या लोकरीची पिशवी

चौतीस सालच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या एका दवाखान्यात माझ्या बाकावर एक म्हातारा धनगर आणि त्याची बायको बसली होती. डॉक्टर नुकतेच बोलून आत गेले होते.

"ऐकलंस न्हवं, केरा?" म्हातारा बायकोला म्हणाला. " लघवीच्या वाटंवर गाठ हाय. पोट फाडून काढायची, न्हायतर जल्मभर ही रबराची नळी."

"पोट फाडल्यावर मानूस उठतंय का?"

"ह्या वयात निम्मी उठत्यात म्हनलं डाक्तर."

"मग नळीच ऱ्हाऊ द्या की."

"आन् मुताची बाटली कमरंला बांधून गावोगाव फिरू? लोकं नाक धरतील."

"अवो, जल्मभर लोकांच्या रानात मेंढरं बसवली. लेंडीमुताचं खत हुतंय म्हनून त्यांनी जोंधळा दिला, त्यावर आपली पोरं वाढली. तवा कुनी नाक धरलं?"

"ती मेंढरं. मी मानूस हाय."

"म्हनूनच म्हनते. मेंढरामागं मी एकली न्हाय जायाची. घोंगडं फाडून बाटलीला पिशवी शिवते. कुनाला दिसायची न्हाय."

म्हाताऱ्यानं नळीवर धोतर ओढून घेतलं.

"काळ्या लोकरीची शिव. पांढरीवर डाग दिसत्यात."