आकाशपाळणा एकवीस मिनिटे थांबवल्याबाबत

नाव मिथुन रामकिसन उढाण, वय २२, शिक्षण बी.एस्सी. दुसऱ्या वर्षातून सोडले, धंदा आकाशपाळणा चालवणे, रा. कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना.

ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी दीड वर्षापासून जालना रोडवरच्या एका कृषी पर्यटन केंद्रात कामाला आहे. तिथे एका बाजूला शेळ्या, ससे, इमू आहेत, दुसऱ्या बाजूला पाळणे व घसरगुंड्या.

तीर्थपुरीची मोनाली कारभारी तौर हिला मी कॉलेजपासून ओळखतो. ओळखतो म्हणजे आम्ही दोघांनी लग्न करायचे ठरवले होते. तिने सांगितले की, रविवारी तिच्या घरचे मला बघायला येणार, सात पास लागतील. सात कशाला विचारले तर म्हणाली, "मामा-मामी बी येऊन राह्यलेत." कामगारांचे पास मी तिला दिले. रविवारी मी कामाचा ड्रेस न घालता इस्त्रीचा शर्ट घातला म्हणून मॅनेजर बोलले.

दि. ११/०१/२०२६ रोजी साडेदहाला ते आले. मोनाली, तिचे आई-वडील, आदिनाथ नावाचा मुलगा, त्याचे आई-वडील व आत्या चतुराबाई. मोनाली सशांना गाजर चारत होती, तेव्हा तिची पर्स आदिनाथच्या खांद्यावर होती. मला केबिनमधून दिसते. मला वाटले, मामेभाऊ असेल.

हुरडा खाऊन एक वाजता ते पाळण्याकडे आले. तिचे वडील मला म्हणाले, "का रे बाबा, दोघायलाच एका डब्यात बसवता येतं का? स्थळ आलंय, पोरा-पोरीला जरा बोलू द्यावं म्हणलं. घरात समदे कान लावून बसतेत."

दोघांना मीच बसवले. कडी मीच लावली. मोनालीने वर पाहिले नाही. मागच्या डब्यात चतुराबाई बसल्या.

दुसऱ्या फेरीला त्यांचा डबा वर गेला तेव्हा मी बटण बंद केले. वेळ १.१२. मोटर तापली असे मॅनेजरला सांगितले ते खोटे आहे. मोटर बिलकुल बराबर होती. चतुराबाई ओरडत होत्या, "आरं मेल्या, हुरडा वर यायलाय माझा, उतरव जल्दी!"

मी मोनालीला मेसेज केला, हा कोण? वरून मेसेज आला, "पसंत हाये मला. दिवाळीपासून फोनवर बोलून राह्यलो आम्ही."

"मंग इथं कशाला आणलं?"

"तू बघितलं की मला सांगावं लागणार न्हाई. तुझं डोकं तापतं, भेव वाटतं. तिथं लोकं असतेत."

मेसेज हवालदारसाहेबांनी पाहिले आहेत.

१.३३ ला मी पाळणा खाली घेतला. कडी उघडली तेव्हा आदिनाथ हसून म्हणाला, "बरं झालं भाऊ बंद पडला. आमचं सगळं ठरून गेलं वर."

मी त्याच्या कानाखाली मारली. दोन मारल्या. तो खाली वाकून चष्मा शोधत होता. तिसरी मारायला हात उचलला तर मोनाली मधे येऊन उभी राहिली. मी हात खाली घेतला.

ती वडिलांकडे वळून म्हणाली, "बघितलं का पप्पा? म्हणून ह्याचं नाव मी घरात कधीच काढलं न्हाई."

तिचे वडील मला म्हणाले, "कोण रे तू?"

आदिनाथला काहीच माहीत नव्हते. मी त्याची माफी मागायला तयार आहे. त्या वेळी मोनालीला बोलावू नये, एवढी विनंती आहे.

हवालदारसाहेबांनी हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तेच लिहिले आहे, कोणी सांगायला लावले नाही. खाली सही करतो.