बाकावरचा एक्केचाळीस

ड्वेन : ...आणि मग नोर्लीननं राजम्याच्या चिलीचा वाडगा आणून ठेवला, वर दालचिनीचा रोल, आणि म्हणाली, आज ब्रॉडीच्या बाबांकडून मी पैसे घेणार नाही. अख्खं कॅफे टाळ्या वाजवत होतं. ऐकतोयस ना?

ब्रॉडी : ऐकतोय, बाबा.

ड्वेन : मग बोल की काहीतरी. कालपासून फोन लावतोय, उचलत नव्हतास. म्हटलं, जिंकल्याच्या गडबडीत असेल पोरगा. आत्ता चर्चमधून आलो, टायसुद्धा सोडलेला नाही, आधी तुला लावला.

ब्रॉडी : फोन बंद ठेवला होता.

ड्वेन : असू दे, असू दे. मी ट्रकमध्ये बसून तुझ्या कॉलेजची फुटबॉल मॅच ऐकत होतो काल. घरातला रेडिओ खरखरतो. चौथा, शेवटचा प्रयत्न, चेंडू आपल्याच अर्ध्यात. म्हटलं, आता आपला ब्रॉडी हावलिक येणार, लांब लाथ घालणार आणि परत बाकावर जाऊन बसणार. नेहमीचंच. समोरच्यांनाही तेच वाटलं असणार, लाथेचा चेंडू झेलायला पाठ फिरवून मागं पळत सुटले सगळे. आणि तो रेडिओवाला ओरडला! एक्केचाळीस नंबर, हावलिक, लाथ मारत नाहीये, फेकतोय, हावलिकनं फेकला! अरे, मी हॉर्नच दाबून धरला. शेजारची म्हातारी बाहेर आली, तिला वाटलं मला झटका आला.

ब्रॉडी : बाबा...

ड्वेन : चार वर्षं तू नुसता चेंडू लाथाडतोयस आणि तुझा हात असा आहे हे तुझ्या बापाला माहीत नाही! कधी शिकलास रे?

ब्रॉडी : बाबा, मॅचनंतरचं ऐकलं नाही का तुम्ही?

ड्वेन : छे. टचडाऊन झाला, गुण चढले, थोडा वेळ ऐकलं आणि तडक कॅफेत. कोणाला तरी सांगायला नको? घरात कोणाला सांगू, फ्रिजला? तुला एक गंमत सांगतो. तुझी आई गेल्यापासून गावातली माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलतात. दवाखान्यात बोलल्यासारखी. काल पहिल्यांदा सगळी मोठ्यानं बोलली. पाठीवर थापा काय, अन् काय काय. फक्त त्या व्हर्लिननं सगळ्याचा विचका केला.

ब्रॉडी : व्हर्लिनकाकांनी? काय केलं त्यांनी?

ड्वेन : काका म्हणू नकोस त्याला. मोबाईल हातात घेऊन आला आणि म्हणतो, ड्वेन, जरा बाहेर ये, एक दाखवायचंय. म्हटलं, जे असेल ते इथं बोल. तर म्हणतो, फेकणारा आपला ब्रॉडी नव्हताच, त्याचा नंबर दुसऱ्याला घालून उतरवलं, रडीचा डाव आहे हा. सगळ्यांसमोर!

ब्रॉडी : मग?

ड्वेन : मग काय, ऐकवलं मी पण. म्हटलं, तुला पोर ना बाळ, तुझ्या पोटात दुखणारच. माझ्या टेबलावर परत बसू नकोस म्हटलं.

ब्रॉडी : असं म्हणालात तुम्ही त्यांना?

ड्वेन : गेला उठून. टोपीसुद्धा राहिली त्याची खुर्चीवर. आज चर्चमध्ये पार मागं बसला होता, मी बघितलंच नाही तिकडं. आता फेकणारा तूच होतास एवढं सांगितलंस की नोर्लीनसमोर उभं करून त्याला ऐकवतो. म्हणजे तसं सांगायची गरज नाही, पण तरी. तुझ्या तोंडून ऐकलं की बरं.

ब्रॉडी : बाबा, टाय सोडा आणि जरा खाली बसा.

ड्वेन : का? लागलं का तुला? ब्रॉडी, काही मोडलं का?

ब्रॉडी : नाही, मी धडधाकट आहे. व्हर्लिनकाका खरं बोलले.

ड्वेन : काय खरं बोलला?

ब्रॉडी : फेकणारा मी नव्हतो. केनार्ड होता. राखीव क्वार्टरबॅक, फेकणं हेच त्याचं काम. एरवी तो सोळा नंबर घालतो. काल त्याला एक्केचाळीस दिला.

ड्वेन : पण रेडिओवाला हावलिक म्हणाला.

ब्रॉडी : त्याच्या कागदावर एक्केचाळीस म्हणजे हावलिक. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ड्वेन : कितीदा म्हणाला रे. घसा बसेपर्यंत म्हणाला.

ब्रॉडी : हो.

ड्वेन : मग तू कुठं होतास?

ब्रॉडी : बाकावर. लांब कोट घालून, गळ्यापर्यंत चेन ओढून. कोचनी सांगितलं होतं, केनार्ड आत असेपर्यंत उठायचं नाही, नंबर दिसता कामा नये. आमची चण सारखीच आहे. हेल्मेट चढवलं की कोण ओळखतंय.

ड्वेन : थांब, बसतो. हे बघ, पण त्यात रडीचा डाव कुठं आला? खेळ म्हटला की फसवाफसवी आलीच. डावीकडं बघायचं आणि उजवीकडं टाकायचं, ते काय असतं मग?

ब्रॉडी : ते समोर उभं राहून करतात ना. तो डावीकडं बघतोय, पण तो कोण आहे हे सगळ्यांना दिसतंय. नंबर कशासाठी असतो, बाबा? मी अमुक आहे, एवढं तरी खरं सांगायला. त्यानंतर काय गंडवायचं ते गंडवा.

ड्वेन : नियम काय म्हणतो?

ब्रॉडी : नियम दोन्ही बाजूंनी बोलतो. एकच नंबर दोघांना चालतो, फक्त दोघं एका वेळी आत नकोत. कोच तेवढंच वाचून दाखवतात. पुढं असंही आहे की समोरच्याला चकवायला नंबर बदलायचा नाही. ते आलं की म्हणतात, ज्याचं त्यानं बघावं.

ड्वेन : मग झालं की. ज्याचं त्यानं बघावं. बघत नव्हते, चुकी त्यांची.

ब्रॉडी : ते बघत होते, बाबा. त्यांनी एक्केचाळीस बघितला आणि म्हणाले, हा काय, लाथ मारेल आणि जाईल. तुम्हीही तेच म्हणालात ना ट्रकमध्ये? कोचनी आठवडाभर आधी सगळ्यांसमोर सांगितलं, हे जमणार कारण हावलिककडं कोणीच लक्ष देत नाही. सगळे हसले. मी पण हसलो.

ड्वेन : कोण आहे हा कोच? नंबर दे मला त्याचा.

ब्रॉडी : नको. तसे ते वाईट नाहीत. उद्या लीगची माणसं येणार आहेत चौकशीला. मला एकच विचारणार, कोट का घातला होता. कोच म्हणाले, थंडी वाजत होती म्हणून सांग. बाकीचं मी बघून घेतो.

ड्वेन : मग सांग की तसं. ऑक्टोबर आहे. कोणालाही वाजेल.

ब्रॉडी : काल लोक अर्ध्या बाह्यांत बसले होते. माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ येत होते.

ड्वेन : आणि तसं नाही सांगितलंस तर?

ब्रॉडी : पहिल्या वर्षाचा एक पोरगा आहे, चांगली लाथ मारतो. कोचना माणूस शोधायला लांब जायला नको. तुम्ही थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जी मॅच बघायला येणार आहात, त्यात कदाचित मी नसेन.

ड्वेन : हं.

ब्रॉडी : काल मॅचनंतर हॉस्टेलवर आलो तर दारात एकानं मिठी मारली. ओळखत पण नाही मी त्याला. म्हणाला, हावलिक, काय फेकलास लेका! मी थँक्यू म्हणालो.

ड्वेन : म्हणालास?

ब्रॉडी : तोंडातून निघून गेलं. मग वर जाऊन फोन बंद केला. सगळे केनार्डच्या पार्टीला गेले होते, मजल्यावर कोणी नव्हतं. तुमच्याशीही आज तेच करणार होतो. तुम्ही इतकं बोलत होतात. आई गेल्यापासून तुम्हाला एवढं बोलताना मी ऐकलेलंच नाही. म्हटलं बोलू द्यावं. हो हो म्हणून फोन ठेवून द्यावा.

ड्वेन : मग ठेवला का नाहीस?

ब्रॉडी : व्हर्लिनकाकांना तुम्ही असं बोललात म्हणून. आता रोज सकाळी कॅफेत कोणाबरोबर बसणार तुम्ही?

ड्वेन : बसेन कोणाबरोबर तरी. माझं सोड. उद्या त्या लोकांना जे आहे ते सांग. घाम येत होता तर घाम येत होता म्हण.

ब्रॉडी : आणि जागा गेली तर?

ड्वेन : तरी मी येणार थँक्सगिव्हिंगला. वरच्या रांगेत बसू दोघं आणि शिव्या घालू सगळ्यांना. मला तिथं रस्ते कळत नाहीत, तू नाक्यावर घ्यायला ये म्हणजे झालं.

ब्रॉडी : येईन.

ड्वेन : आणि रात्री फोन चालू ठेव.

ब्रॉडी : ठेवतो.

ड्वेन : ठेवू आता? जरा बाहेर जाऊन येतो.

(त्याच दुपारी, व्हर्लिनच्या दारात.)

व्हर्लिन : टोपी द्यायला एवढं चालत यायची गरज नव्हती. माझ्याकडं आणखी आहेत.

ड्वेन : टोपीसाठी नाही आलो.

व्हर्लिन : मग माझी पोरं बघायला आलास? ती नाहीत. काल तूच सांगितलंस.

ड्वेन : बोल. घे बोलून.

व्हर्लिन : झालं. रात्रभर एवढंच जुळवून ठेवलं होतं. पुढचं सुचलं नाही.

ड्वेन : ब्रॉडीशी बोललो. तो नव्हता.

व्हर्लिन : माहितेय मला.

ड्वेन : तुझ्या बाबतीत जे बोललो ते, म्हणजे, मला नको होतं बोलायला.

व्हर्लिन : सगळ्यांसमोर बोललास, ड्वेन. नोर्लीन माझ्याकडं बघेना.

ड्वेन : उद्या सगळ्यांसमोरच परत घेतो. आणि तिला सांगतो, तो रोल माझ्या हक्काचा नव्हता.

व्हर्लिन : खाल्लास ना? मग आता तुझाच. आत ये, वारं येतंय. पाय पूस. बूट नको काढू, फरशी गार आहे.

ड्वेन : पोरगा उद्या त्या चौकशीवाल्यांना खरं सांगणार आहे. कोच त्याला काढेल बहुतेक.

व्हर्लिन : काढू दे. तू काय म्हणालास त्याला?

ड्वेन : सांग म्हटलं. आधी म्हटलं नको, मग म्हटलं सांग.

व्हर्लिन : हं. बस तिथं.

ड्वेन : एक विचारू? तू खरंच मानतोस तो रडीचा डाव होता? का माझ्यावर चिडून बोललास?

व्हर्लिन : त्या समोरच्या संघाचं मला काय पडलंय? हरले तर हरले. पण आपल्या पोराचं नाव काढून दुसऱ्याच्या पाठीवर चिकटवलं आणि याला पोत्यात भरल्यासारखं बसवून ठेवलं. ते बघितलं आणि डोकं फिरलं माझं. रडीचा डाव म्हणालो कारण दुसरा शब्द सापडला नाही.

ड्वेन : बघितलंस? म्हणजे तो दिसतो कुठं तरी?

व्हर्लिन : तेच दाखवायला तुला बाहेर बोलवत होतो. एकट्याला. तू म्हणालास, इथंच बोल.

ड्वेन : आहे का अजून तो व्हिडिओ?

व्हर्लिन : आहे. चेंडू पडतो, टचडाऊन होतो, आणि मग कॅमेरा जरा वेळ बाकावरून फिरतो. दाखवू?

ड्वेन : दाखव.

व्हर्लिन : जवळ सरक. हे बघ, हे सगळे उभे राहिले.

ड्वेन : नाचतायत नुसते.

व्हर्लिन : आता यांच्या पायांमधून बघ. तो मागचा. एकटाच बसलेला.

ड्वेन : कुठं? अं... हां. हां, हा आपलाच.

व्हर्लिन : आपलाच.

ड्वेन : टाळ्या वाजवतोय. बसल्या बसल्या. हात बाह्यांच्या आत आहेत, आवाजसुद्धा येत नसेल.

व्हर्लिन : पुढं तो केनार्डचा थ्रो परत दाखवतात.

ड्वेन : नको. इथंच थांबव. हे मोठं होतं का?

व्हर्लिन : दोन बोटांनी ओढ. हळू. असं.

ड्वेन : किती बारीक झालाय रे हा.