तानपुऱ्याची फेरतपासणी

आमच्या पेडण्याच्या सुमनमावशीचा देवळातल्या सप्त्यात गाताना एकदा आवाज फाटला, आणि भजनी मंडळानं तिचं गाणं बंद करून तिच्या हातात कायमचे टाळ दिले. म्हणून मीच तिला डिचोलीला माझ्या स्टुडिओत गायला बोलावलं, तर नेमका कंप्युटरवरचा तानपुराच, म्हणजे तानपुऱ्याचा सूर देणारा छोटा प्रोग्रामच, यादीत दिसेना!

"खंय गेलो रे?" मावशीनं विचारलं.

"आसा गे हंयच. मागे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्याला तपासत होतं, तेव्हा वीज गेली. तेव्हापासून त्याला नापासच धरून बसलंय, परत विचारतसुद्धा नाही."

मी फेरतपासणीचं बटण दाबलं. तानपुरा पास झाला आणि धुक्यासारखा खोलीभर पसरत गेला. मावशीनं डोळे मिटले. मला वाटलं, आता गाईल.

तर हळूच म्हणाली, "आमच्या मंडळाक असलें बटण खंय आसा रे?"