निळी स्प्रिंग

उंब्रजच्या दवाखान्यात, लसीच्या रांगेत, बाळाला थोपटत बसलेल्या अपेक्षाच्या कानावर पुढच्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं.

"आत्या, तुमचं खरं. ते पिलाटिसचं मशीन लय जागा खातंय. ह्यांना सांगितलंय, उद्या परत धाडा."

"उद्याच?"

"तुमीच म्हणत व्हता, व्यायामाला सरकता पलंग कशाला."

"म्हटलं असंल. पर बाळंतपणापासनं तुझी कंबर दुखती न्हवं?"

"मी जमिनीवर करीन. आन् आत्या, मी मशीनला ओढायला जड अशी लाल स्प्रिंग लावून रानात जाते. येते तवा हलकी निळी असती."

"उंदीर असंल."

"उंदीर पायाला बाम लावतो व्हय? मशीनच्या पट्ट्यांना बामाचा वास येतोय."

सासूनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"परत नगं धाडू, बाई. माझा गुडघा आत्ता कुठं वळायला लागलाय."

"मी तरी कुठं सांगितलंय ह्यांना?"