खाऊवाली

नाही हो, उठवू नका तिला. आत्ताच डोळा लागलाय. तुम्ही बसा ना — त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो, इकडे पलंगावर बसा. केंद्राच्या मॅडम खाली गाडीतच आहेत ना? असू देत. त्याच म्हणाल्या मला, आईला घरात थोडा वेळ बसू द्या, पोर एका घरातून दुसऱ्या घरात जाताना घाई केली की बिथरतं — मग काय, आपल्याला कसली घाई! पाणी देऊ? चहा? नको? बरं. एरवी या वेळेला उठून घरभर नाचत असते ती, आज झोपायलाच उशीर झाला. म्हणजे — झाला कसला, मीच केला. जेवण झाल्यावर खाली आवारात नेली आणि पळव पळव पळवली. चेंडू टाकत बसले, माझे गुडघे कुरकुरायला लागले तरी टाकत बसले. तुम्ही येणार हे माहीत होतं ना मला. माहीत होतं म्हणूनच. झोपलेलं पोर कुणी उचलून नेत नाही, तेवढाच अर्धा तास. आता सांगून टाकलं, हसा पाहिजे तर.

आणि हे तुम्ही-आम्ही काय लावलंय मी! माझ्या भाचीपेक्षा लहान आहेस तू. अगंच म्हणते, चालेल ना? तर हे बघ, मी काही तुला अडवायला बसलेली नाही. दोन वर्षं होत आली मुंगी माझ्याकडे — मुंगी म्हणते मी तिला, साखरेचा डबा कुठेही लपवा, हिला सापडतोच — पण पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे, हे पोर तात्पुरतं. आईची तब्येत सुधारली, खोली झाली, काम लागलं, की परत. मुंगी काही पहिली नाही माझी. सरकारकडून पोरं येतात, राहतात, धष्टपुष्ट होतात, जातात. शेजारणी विचारतात, तुम्हाला काही वाटत नाही का हो? मी म्हणते, वाटायचंय काय त्यात, मी काय त्यांना जन्म दिलाय? फक्त ज्या दिवशी पोर जातं ना, त्या दिवशी आमच्याकडे कांदे फार चिरले जातात. भाजी कुठलीही असो, कांदे चिरते मी. आणि आमचे हे, ते तर सकाळीच पिशवी घेऊन दूध आणायला गेलेत. दूध फ्रिजमध्ये आहे. त्यांनीच काल आणलंय. येतील आता अंधार पडल्यावर.

हां, तर तिचं सगळं सांगून ठेवते, नीट ऐक. दूध कोमट लागतं, गरम दिलं तर फुंकर मारत बसते आणि सांडते. अंडं खाते पण पिवळं काढून ठेवते, ओरडायचं नाही, थोड्या वेळानं स्वतःच येऊन खाते. केस विंचरताना कानामागून सुरुवात करायची. थंडी पडली की छातीत घरघर — आता ही घरघर साधी नाही बरं का. मागच्या थंडीत निळी पडली होती ओठांपाशी. मी आणि हे दोघं उचलून पळालो दवाखान्यात, माझ्या पायात चपलासुद्धा नव्हत्या. तुझी खोली कुठल्या मजल्यावर आहे? ओल येते का भिंतीला? — येते. हं. नाही, मी काही म्हणत नाही. ओल तर पुष्कळांकडे येते. पंप असतो तो तोंडाला लावायचा, तो दिलाय पिशवीत, पण मुंगीला तो माझ्याच मांडीवर लागतो. दुसऱ्या कुणी लावला तर दात घट्ट मिटून घेते. शिकेल. शिकतात पोरं.

आणि दारं. आमच्या घरात बघितलंस? आतल्या एकाही दाराला कडी नाही. न्हाणीच्या सुद्धा नाही. यांनी पान्यानं काढून टाकल्या सगळ्या, ती आल्यावर आठवड्याभरात. कडी लागल्याचा नुसता आवाज झाला तरी ती जिथे असेल तिथे खाली बसायची. रडायची नाही हं. रडली असती तर बरं झालं असतं. नुसती बसायची आणि डोळे असे… एवढंसं सव्वा वर्षाचं पोर. मी दोष देत नाही तुला. तिला खोलीत कोंडून गेलीस ती काही नाचायला नाही गेलीस, कारखान्यात डबे भरायला गेलीस. नवरा टाकून गेलेला, ठेवायला कुणी नाही, कारखान्यातली पाळी चुकली तर काम जातं — मी काय समजत नाही होय? शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा तू पुठ्ठ्याच्या खोक्यांवर लेबलं लावत उभी होतीस. मग तू कोलमडलीस, दवाखान्यात पडलीस. माहीत आहे मला सगळं. तुला लागावं म्हणून नाही सांगत. तिला कडीचा आवाज सहन होत नाही, एवढंच सांगते. आता तुझ्या त्या खोलीला कडी असेलच, आणि तू कामाला जाशील तेव्हा — हो, पाळणाघर मिळालंय, मॅडम म्हणाल्या. पण पाळणाघराला पण दार असतंच ना गं.

बघू नकोस तिकडे. तो फोटो — तुझाच आहे. ओळखलास ना? मला वाटलं आल्या आल्या बघशील. हा नियम आहे केंद्राचा. पोर सांभाळायला घेतलं की त्याच्या आईचा फोटो भिंतीला लावायचा, पोराच्या उंचीला, आणि रोज दाखवायचा, ही बघ आई. पोरानं आईला विसरू नये म्हणून. चांगलाच आहे नियम, आणि मी तो मनापासून पाळला. दात घासले की मुंगी फोटोपुढे उभी. आई, मी झोपते. मग काचेवर पापा. रोज सकाळी ती काच मी पुसायची. आणि आम्ही शहाण्यांनी मिळून काय घोळ घातला ते ऐक. तिला आई म्हणजे हीच वाटायला लागली. लांब वेणीची, हसरी, भिंतीवरची. घरात जसं घड्याळ असतं, तशी एक आई लावलेली असते, असं तिनं धरून चाललं. आणि केंद्रावर तू भेटायला यायचीस ती केस कापलेली, गालांची हाडं वर आलेली, हातात बिस्किटांचा पुडा. मॅडम म्हणायच्या, बघ, आई आली! आणि मुंगी तुझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघायची. आठवतं? तुला वाटलं असेल, पोर तोंड फिरवतं. तोंड नव्हती फिरवत गं ती. आईला शोधत होती. आणि घरी आली की फोटोला सगळी खबर द्यायची — आई, आज खाऊवाली आली होती.

रडू नकोस. अगं… मला वाटलं तुला ठाऊक असेल. कुणी सांगितलं नाही? मॅडमना तरी कुठे माहीत आहे म्हणा. मी हसत होते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, मग हसणं थांबलं. मी तिला समजावलं, खाऊवाली म्हणजेच आई. तर ती माझ्याकडे बघून म्हणते, मावशी, तू वेडी आहेस. आता घे पाणी. घे, घोटभर घे.

अगं, उठलीस कशाला? बस. ती आतल्या खोलीत झोपलीय, ते बाहेरचं दार आहे. काय? मोठ्यानं बोल, मला ऐकू नाही आलं. — नाही, आलं. आलं ऐकू. तुमच्याकडेच राहू दे, म्हणालीस.

थांब हं. मला जरा खाली बसू दे.

हेच. हेच ऐकायचं होतं मला. तू दारात आल्यापासून मी काय करतेय असं वाटलं तुला? छातीची घरघर सांगितली, भिंतीची ओल विचारली, कडी सांगितली, फोटो सांगितला — काळजी होतीच, खोटं नाही ते, पण एका डोळ्यानं तुझ्याकडे बघत होते, हिचा धीर कधी सुटतो. आणि सुटला. आता मी फक्त खिडकीशी जायचं आणि मॅडमना हाक मारायची. आईची तयारी नाही हो अजून. त्या मान हलवतील, गाडी जाईल, तू त्या गाडीत एकटी असशील, आणि मुंगी उठून माझ्याकडे साखर मागेल. एवढंच करायचंय. चार पावलांवर खिडकी आहे. आणि आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू, तुझ्या तोंडून ते वाक्य निघालं तेव्हा असा आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. ये, बस इथे. माझ्याजवळ बस. हात केवढे गार पडलेत तुझे.

तुला एक गोष्ट सांगते. कुणालाच सांगितलेली नाही, यांनाही नाही. मागच्या भेटीत तू तिच्या स्वेटरची बटणं लावलीस, आठवतं? खालून वर लावत आलीस आणि सगळ्यात वरचं लावताना तिच्या हनुवटीला हात लागला तुझा. गुदगुल्या झाल्या तिला. मी काचेतून बघत होते बाहेरून. घरी आल्यावर मी स्वेटर काढायला गेले तर माझ्या अंगावर धावून आली. नको काढू! खाऊवालीनं लावलंय! घामानं चिंब झाली तरी स्वेटर घालूनच झोपली पोर. आणि त्या दिवशी दात घासून सरळ अंथरुणात शिरली. भिंतीकडे फिरकली नाही. मी म्हटलं, आईला सांगायचं नाही का आज? तर हनुवटीला हात लावून नुसती पडून राहिली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. भेटीनंतर काही फरक जाणवतोय का हो? मी म्हटलं, नाही. काही नाही. नेहमीसारखीच आहे.

बोलले मी असं. जिभेला काही झालं नाही माझ्या.

तेव्हा तू मला आई-बिई म्हणून हात जोडू नकोस. तुमच्याकडे सुखात आहे म्हणतेस — आहेच. राहील सुखात आणखी चार महिने, सहा महिने. मग तू दुसऱ्यांदा येशील आणि तोवर तिला कळायला लागलेलं असेल की ही बाई आधी आली होती आणि मला न घेताच गेली. ते मी कुठल्या पान्यानं काढू? सांग ना. मला नाही काढता येणार. तू घाबरलीयस, घाबर की. मीही पंप लावायला घाबरते, दर वेळेला. ज्या बाईला भीती वाटत नाही तिच्या हातात मी पोर दिलं नसतं.

ऐकलंस? उठली. पलंगाची फळी वाजली बघ. नाही, तू जागेवर थांब, मीच आणायची असते. ओढून घ्यायचं नाही, ठेवून निघून जायचं नाही. सांभाळणारीनं आपल्या हातानं द्यायचं, हसत. म्हणजे पोराला कळतं की जायला हरकत नाही. हसणं मला जमतं, इतक्या वेळा केलंय. तोंड पूस तू. केस सारखे कर.

ये गं, ये मुंगे. झाली झोप? केवढा घाम आलाय माझ्या राणीला… हो, आलीय. तीच आलीय. नाही, खाऊ नाही आणला तिनं आज, आज नुसतीच आलीय. तिच्याकडे जायचं का? बघ, ती बटणं लावते ना छान. हं. असा हात पुढे कर. — अगं तू पण कर की पुढे, नुसती बघत काय बसलीस! घे. अशी नाही, खाली हात घाल, जड आहे ती आता. धर नीट. धरलीस? सोडू मी? — सोडते.

मान टाकली बघ खांद्यावर. झोपेत आहे अजून, तेवढ्यात निघ. पिशवी दुसऱ्या हातात घे. जिन्यात रडेल ती, मावशी मावशी करेल, फार करेल, सगळी बिल्डिंग बाहेर येईल. तू थांबायचं नाहीस. मी दारात येणार नाही, गॅलरीत येणार नाही, तू वर बघू नकोस. तुला वाटेल परत वर यावं. आलीस तर मी घेईन तिला, हे सांगून ठेवते, आणि मग देणार नाही. कळलं? तर जा. मॅडम वाट बघतायत. काय बघतेस माझ्या तोंडाकडे — अगं जा ना!